विव्हनहो पार्क : चित्रात मोजलेली जमीन

कोलचेस्टर (एसेक्स) : इंग्रज माणूस जमिनीकडे कसा पाहतो हे समजून घ्यायचं असेल, तर जॉन कॉन्स्टेबलने १८१६ साली या गावाजवळ रंगवलेलं ‘विव्हनहो पार्क’ बघावं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मीटरभर रुंदीच्या या चित्रात समोर चरणाऱ्या गाई, तळं, राजहंस आणि होडीतून जाळं ओढणारी माणसं दिसतात. ज्या वाड्यासाठी हा सगळा खटाटोप, तो लाल विटांचा वाडा मात्र पार मागे, झाडांआड राहिला आहे. चित्र काढून घेणारे वाड्याचे मालक जनरल रिबो यांना यात काही खटकलं नाही. त्यांची प्रतिष्ठा भोवतालच्या जमिनीवरून ठरत होती, आणि चित्रात ती जमीनच मोजून मांडली आहे. मालकाच्या हौसेपायी हरणांचं घर आणि गाढवाच्या गाडीतली त्यांची मुलगी हे दोन्ही चित्रात बसवायचं ठरलं. जागा पुरेना, तेव्हा कॉन्स्टेबलने दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पट्ट्या शिवून चित्र रुंद केलं. चित्राची चौकट मालकाच्या इच्छेने ठरली, याचा ती शिवण हा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा आहे.

यावर कोणी म्हणेल, कॉन्स्टेबल तर निसर्गाचा सच्चा उपासक. त्याने ढग आणि ऊन जसं दिसलं तसं रंगवलं. हे खरंच आहे, आणि त्या ढगांवर माझंही मन जडलं आहे. पण तळं मुद्दाम घडवलेलं, हिरवळ आखून राखलेली. आकाश इतकं खरं उतरल्यामुळे त्याखालची माणसाने केलेली रचनाही आपोआप उगवल्यासारखी वाटते. शिवाय त्या वर्षी बाहेर काय चाललं होतं? तंबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरचा तो थंड, पावसाळी उन्हाळा. पूर्व इंग्लंडमध्येच, एली आणि लिटलपोर्ट इथे, महागाई आणि बेकारीने गांजलेल्या मजुरांनी मे महिन्यात दंगा केला. जूनमध्ये पाच जणांना फाशी झाली. चित्रात यातलं काहीही नाही. त्याचा दोष मी चित्रकाराला देत नाही. त्याला ऑक्टोबरात मारिया बिकनेलशी लग्न करायचं होतं, पैशांची निकड होती, आणि काम सांगणाऱ्याला काय हवं ते स्पष्ट होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आता ते दिवस गेले, त्या जमिनीवर एसेक्स विद्यापीठ उभं आहे आणि वाड्याचं हॉटेल झालं आहे. विव्हनहोपुरतं हे बरोबर आहे. पण २००० सालच्या कायद्याने लोकांना मोकळं फिरण्याचा हक्क मिळाला तो इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के जमिनीवर. एरवी ठरलेल्या सार्वजनिक वाटा सोडल्या, तर बहुतेक ठिकाणी मालकाची परवानगी लागते. हा हक्क वाढवण्याची मागणी झाली की मालकांकडून उत्तर येतं, हे सौंदर्य आम्हीच राखलं आहे. विव्हनहोचं तळं पाहता त्यात तथ्य आहे. पण राखण्याचे कष्ट मजुरांनी उपसले आणि त्यांच्याच वंशजांना आज कुंपणाबाहेर राहावं लागतं, याचं उत्तर त्या युक्तिवादात मिळत नाही.