एका कडीची करामत

गळ्यातली चेन उलटी करून हुकापाशी बारकाईने पाहा. सोन्याच्या चेनमधल्या जवळपास सगळ्या कड्या सोनाराने डाख देऊन कायमच्या बंद केलेल्या असतात. हुकाला धरून ठेवणाऱ्या कडीवर मात्र पुष्कळदा एक बारीक चीर दिसते. साऱ्या साखळीत उघडण्यासाठी ठेवलेली जागा तेवढीच. चेन किंवा ब्रेसलेट घरी आखूड करायचं तर सुरुवात इथूनच होते.

दोन नोजप्लायर घ्या. चिरेच्या डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरा धरा. हात आपोआप दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर ओढायला जातात. तसं करायचं नाही. एक टोक आपल्याकडे आणि दुसरं समोर, असा किंचित पीळ द्यायचा. फट पडते, पण समोरून पाहिलं तर कडी अजून गोलच दिसते.

टोकं दूर ओढली असती, तर चिरेच्या बरोबर समोरच्या भागावर सगळ्यांत जास्त ताण आला असता. वाक तिथेच उलगडला असता आणि तीच गोलाई पुन्हा हाताने आणणं फार कठीण. आडव्या हालचालीत त्याच जागी तार वाकत नाही, फक्त पिळली जाते, आणि वर्तुळाचा आकार शाबूत राहतो. म्हणून टोकं आलेल्या वाटेने परत नेता येतात.

बंद करतानाही धातूचा स्वभाव हाताला कळतो. टोकं समोरासमोर आणून सोडली की ती केसभर मागे सरतात, कारण धातू थोडासा लवचीक असतोच. त्यासाठी टोक जरासं पलीकडे न्यायचं आणि मग परत आणायचं. दोन्ही टोकं एकमेकांना घासून जागेवर बसतात, तेव्हा बोटांना बारीकसा ‘टिक्’ जाणवतो. तो जाणवला की कडी मिटली. नखाला फट लागली, तर पुन्हा प्रयत्न करा. नाजूक साखळीची तार त्या फटीतून अलगद निसटते.

एकच कडी वारंवार उघडली, तर ती ताठर होत जाते आणि एक दिवस मोडते. याचं कारण धातू वाकतो कसा यात आहे, आणि ते वाकणं १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे उलगडलं. धातूतले अणू ओळीने रचलेले असतात, पण त्या रचनेत जागोजागी दोष असतात. जड सतरंजी सरकवताना आपण तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलतो. तसेच हे दोष सरकत जातात आणि धातू वाकतो. वाकवावं तसे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि सरकेनासे होतात. सोनार तार तापवून ताव देतो, तेव्हा हा गुंता बराचसा सुटतो आणि तार पुन्हा मऊ होते. बावीस कॅरेटच्या डागात सोनं ९१.६ टक्के असतं. उरलेल्या तांब्या-चांदीचे निराळ्या जातीचे अणूही या दोषांची वाट अडवतात, म्हणून तो चोख सोन्यापेक्षा टणक. शेकडो वर्षं सोनार अणूंचं हे शास्त्र हाताने वापरत आले आहेत!

आता किती आखूड करायचं? पदक असेल तर चेनचा आकार साधारण इंग्रजी व्ही अक्षरासारखा होतो. समजा वर रुंदी १२ सेंटिमीटर आहे आणि प्रत्येक बाजू १० सेंटिमीटरची आहे. पायथागोरसच्या हिशेबाने पदक ८ सेंटिमीटर खाली लोंबतं. एकूण २ सेंटिमीटर काढले की बाजू ९ची होते आणि खोली सुमारे ६.७. प्रत्येक बाजूचा एकच सेंटिमीटर गेला, पण पदक १.३ सेंटिमीटर वर चढलं. चेन जितकी आखूड, तितका हा फरक मोठा. त्यामुळे कापण्याआधी तेवढ्याच लांबीचा दोरा गळ्यात धरून आरशात पाहावं. ब्रेसलेटसाठी मनगटाभोवती दोरा गुंडाळावा आणि एक बोट आत जाईल इतकी सैल जागा ठेवावी.

कापणं तर अगदीच थोडं. हूक सोडवून घ्या, पांढऱ्या कापडावर चेन ठेवा आणि हव्या त्या जागची एक कडी कातरा. पुढचा सगळा तुकडा सुटा होतो. मग शेवटच्या अखंड कडीत चिरेची कडी ओवून हूक परत बसवायचा. कातरलेल्या कडीचे कण आणि उरलेला तुकडा पुडीत बांधून ठेवावा. हॉलमार्कची खूण बहुधा हुकापाशीच असते, ती हरवू नये. कापायचं मनात नसेल तर आतल्या एखाद्या कडीत जादा कडी घालून तिथे हूक अडकवता येतो. मला स्वतःला हाच मार्ग जास्त आवडतो, कारण तो कधीही मोडता येतो.

पण एक कडी कातरावीच का लागते? गाउस या जर्मन गणितज्ञाने १८३३ साली, दोन बंद वेटोळी एकमेकांत किती वेळा गुंतली आहेत हे सांगणारं सूत्र टिपून ठेवलं. वेटोळी कशीही ताणा, वळवा, उत्तर बदलत नाही. साखळीतल्या शेजारच्या दोन कड्यांचं उत्तर एक येतं, आणि एखादी कडी उघडल्याशिवाय त्याचं शून्य होत नाही. रेणूंनाही हाच नियम लागू आहे. १९८३ साली फ्रान्समध्ये झाँ-पिएर सोव्हाज यांनी तांब्याच्या आयनाच्या मदतीने एका रेणूच्या कडीत दुसरा अर्धगोल रेणू ओवला, त्याची कडी मिटवली आणि तांबं काढून घेतलं. दोन कड्या रासायनिक बंधाशिवाय एकमेकींत अडकून राहिल्या. त्या वाटेवरच्या कामासाठी त्यांना २०१६चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

गोफ, सापासारखी गुळगुळीत चेन आणि आतून पोकळ चेन यांना घरी हात लावू नये. त्यांच्या कड्या इतक्या दाट किंवा पातळ असतात की पकडीने चेपतात. त्या सोनाराकडेच द्याव्यात.

इराकमधल्या ऊर इथे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या थडग्यांत सोन्याच्या ज्या साखळ्या सापडल्या, त्यांतल्या काहींची तऱ्हा तर आणखी निराळी. त्या कारागिरांनी प्रत्येक कडी आधीच जोडून पूर्ण बंद केली, दाबून लांबट केली, मधोमध दुमडली आणि तिच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांतून पुढची बंद कडी ओवली. ओवताना एकही कडी उघडली नाही, म्हणजे गाउसच्या हिशेबाने तिथल्या कोणत्याही दोन कड्यांचं उत्तर शून्य! केवळ दुमडीच्या आधाराने ती साखळी टिकते. अशी साखळी आखूड करायला काहीच कातरावं लागत नाही. टोकाची टोपी काढायची आणि शेवटची कडी सरळ केली की ती आपसूक निसटून हातात येते, मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची.