मागे वळलेलं हँडल
बारामती-इंदापूरचा पट्टा बराचसा सपाट. भवानीनगरच्या साखर कारखान्यावर किंवा बारामतीच्या एमआयडीसीत सायकलने जाताना पायांआधी पाठ आणि मनगटंच कुरकुरतात.

जुन्या काळ्या हीरो, ॲटलस सायकलींचं हँडल स्वाराकडे वळलेलं असे. मुठी जवळ येतात, पाठ ताठ राहते, तळवे एकमेकांकडे वळतात. सरळ हँडलच्या गिअरच्या सायकलीवर वाकून बसलं की अंगाचा भार तळहातांवर पडतो. तिथली नस दबली, की करंगळी आणि अनामिका बधिर होतात.

अशा सायकलीला मागे वळलेलं हँडल लावताना स्टेममध्ये, म्हणजे हँडल धरणाऱ्या जोडात, बसणाऱ्या मधल्या भागाचा व्यास मोजावाच: २५.४ की ३१.८ मिलिमीटर? ब्रेकच्या केबल बहुधा लांब लागतात. वळताना मूठ गुडघ्याला अडत नाही ना, हेही पाहावं.

समोरून वारा असला की ताठ बसणं जड जातं. तरी रोजच्या चार-पाच किलोमीटरला हेच हँडल बरं.