भविष्यातील शहरांची जुनी चित्रे : रस्ता कोणाचा?

पूर्वीच्या लोकांनी कल्पिलेले भविष्यातील शहर पाहिले की ‘यातले किती खरे ठरले?’ असे आपण लगेच विचारतो. अभ्यासासाठी हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. त्या शहराच्या रस्त्यावर कोणाला जागा दिली आहे हे पाहावे. त्यातून कल्पना करणाऱ्याचा स्वतःचा काळ कळतो. दोन उदाहरणे घेऊ.

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात नॉर्मन बेल गेडिस यांनी ‘फ्युचरामा’ ही १९६० सालच्या अमेरिकेची प्रतिकृती उभारली. तीत सुमारे ५ लाख छोट्या इमारती आणि ५० हजार मोटारी होत्या. प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांत बसून ती वरून पाहत. शहरात पादचाऱ्यांसाठी उंचावरचे पदपथ होते. खालचा रस्ता मोटारींचा. खर्च जनरल मोटर्सचा होता, एवढे सांगितले की बरेचसे समजते. तरी ही निव्वळ जाहिरात नव्हती. महामंदीने गांजलेल्या लोकांना तो मोकळा रस्ता म्हणजे सुटका वाटली. पुढे १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि त्या मार्गांसाठी अनेक शहरांतील गरीब व कृष्णवर्णीय वस्त्या पाडल्या गेल्या.

याच्या ३४ वर्षे आधी, १९०५ मध्ये, बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन (बेगम रोकेया) यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका नियतकालिकात आली. तिच्यातील नगरात स्त्रिया निर्धास्त फिरतात, पुरुष पडद्याआड असतात. पायाखाली फुले आणि शेवाळ, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, पाणी थेट ढगांतून. सौरऊर्जेमुळे कथेला ‘काळाच्या पुढची’ म्हणतात, पण घटनाक्रम अधिक महत्त्वाचा आहे. राणी आधी मुलींचे शिक्षण सुरू करते. स्त्रियांच्या विद्यापीठांतून हे शोध लागतात. रस्ता बदलतो तो त्यानंतर. फ्युचरामात आधी मोटार येते आणि माणसाने तिच्याभोवती जगायचे असते. पुरुषांना कोंडणे हा अर्थात समतेचा आराखडा नव्हे. पडदापद्धती उलटी करून दाखवलेला तो उपरोध आहे.

प्रत्यक्षातला रस्ता मात्र तसाच होता. १९११ मध्ये रोकेयांनी कलकत्त्यात मुलींची शाळा सुरू केली. शाळेची बस पडद्यासाठी इतकी बंदिस्त केली होती की आत मुलींना भोवळ येई. मग बाजू उघडून पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात अशी तक्रारीची पत्रे आली. हा प्रसंग त्यांनी १९३१ च्या ‘अवरोधबासिनी’त नोंदवला आहे.