औषधांचा चार्ज घ्या, मगच घरी चला

मागच्या भागात आपण पक्षाघाताचा झटका ओळखायचा कसा, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी पहिले साडेचार तास का मोलाचे, हे पाहिलं. आज त्याच्या पुढचा टप्पा घेऊ. रुग्ण वाचला, डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मग बिल भरायचं, रिपोर्ट गोळा करायचे, गाडी बोलवायची. या गडबडीत नर्स एक कागद आणि औषधांची पिशवी हातात ठेवते. त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम त्या पिशवीत आहे.

मी डॉक्टर नाही. निवृत्त फौजी आहे आणि चेन्नईत वेस्ट मांबलमला राहतो. फौजेत दोन सवयी हाडीमाशी भिनतात. स्टोअरचा चार्ज घेताना एकेक वस्तू मोजल्याशिवाय सही करायची नाही. आणि हुकूम मिळाला की तो आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचा. ‘समजलं का?’ या प्रश्नाला कुणीही ‘हो’च म्हणतो. काय समजलं, ते परत सांगायला लावलं की कळतं. डॉक्टरी शिक्षणातही ही पद्धत आहे, तिला ते टीच-बॅक म्हणतात.

पहिला प्रश्न : गुठळी की रक्तस्राव?

पक्षाघात दोन प्रकारचा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, किंवा फुटून रक्त सांडतं. गुठळीचा प्रकार जास्त आढळतो. त्यात रक्तातल्या चकत्या चिकटू नयेत म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा गोळ्या देतात. रक्तस्राव झालेल्याला याच गोळ्या घातक ठरू शकतात. म्हणून शेजारच्या आजोबांना लागू पडलेलं औषध आपल्या घरात आणायचं नाही. आपला प्रकार कोणता, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

पिशवीत काय असतं?

गुठळीच्या रुग्णाला सौम्य झटक्यानंतर बऱ्याचदा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही देतात. जोडी साधारण 21 दिवस चालते, काहींना 90 दिवसांपर्यंत, आणि मग एक गोळी बंद होऊन दुसरी पुढे राहते. इथे दोन्ही बाजूंनी घोळ होतो. कुणी दोन्ही गोळ्या वर्षभर घेतं आणि रक्तस्रावाचा धोका ओढवून घेतं. कुणी ‘कोर्स संपला’ म्हणून दोन्ही थांबवतं. म्हणून विचारा : कोणती गोळी, कोणत्या तारखेला बंद? ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

हृदयाचे ठोके अनियमित असल्याने गुठळी झाली असेल, तर रक्त पातळ ठेवण्याचं औषध वेगळं असतं. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी लागते, आणि आकडा बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने हा आकडा हलतो. इथे स्टेशनजवळच्या बाजारात कीरैच्या जुड्यांचे ढीग असतात, शेवग्याचा पाला तर घरोघरी. भाजी सोडायची नाही, प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं. ॲपिक्साबॅनसारखं नवं औषध असेल तर ही तपासणी नेमाने लागत नाही. पण त्याचा असर लवकर उतरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ चुकवून चालत नाही.

बाकी राहिली रक्तदाबाची गोळी आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन. ‘बीपी आता नॉर्मल आहे, गोळी कशाला?’ हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. अहो, बीपी नॉर्मल आहे तो गोळीमुळे! स्टॅटिनचंही तसंच. रिपोर्ट बरा आला तरी रक्तवाहिनीतला थर आटोक्यात ठेवायला ती चालू ठेवतात. या गोळ्या घेतल्याने बरं वाटत नाही आणि सोडल्याने लगेच वाईटही वाटत नाही. म्हणूनच त्या सुटतात.

नावं दोन, औषध एक

आमच्या इमारतीत एक काका-काकू आहेत. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मिरजेहून इथे आलेले. काकांना सौम्य झटका आला, पाचव्या दिवशी घरी सोडलं. दोन दिवसांनी उठताना चक्कर येऊ लागली. काकूंना वाटलं, अशक्तपणा. मी आणि त्यांच्या मुलाने सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. मिरजेहून आणलेली बीपीची गोळी काकू सकाळी देत होत्या, आणि रुग्णालयाने लिहिलेली नवी रात्री. ब्रँडची नावं वेगळी, खालच्या बारीक अक्षरांत औषध एकच : टेल्मिसार्टन. मुलाने लगेच डॉक्टरांना फोन केला, जुनी पट्टी बंद झाली. काकूंचा यात काय दोष? ‘जुन्या औषधांचं काय करायचं?’ हा विषय निघालाच नव्हता.

असंच जोडगोळ्यांचं. इकोस्प्रिन-एव्ही या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि ॲटोर्वास्टॅटिन दोन्ही असतात. घरात साधी इकोस्प्रिनही चालू राहिली तर ॲस्पिरिन दुप्पट. म्हणून ब्रँड न वाचता औषधाचं मूळ नाव वाचा. आणि अंग दुखतं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर आणू नका.

रुग्णाची आणि भाषेची अडचण

झटक्यानंतर काहींची वाचा जाते, काहींना वाचलेलं कळत नाही. काहींना डाव्या बाजूचं भानच राहत नाही, डावीकडे ठेवलेली गोळी दिसत नाही. एका हाताने पट्टी फुटत नाही. गिळता येत नसेल तर गोळी कुटून द्यायचा मोह होतो. पण सावकाश विरघळणाऱ्या किंवा आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. कोणती कुटायची, हे फार्मासिस्टला विचारा.

त्यात कागद इंग्रजीत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आणि चेन्नईत समजावणारी सिस्टर बोलते तमिळ. ‘मात्तिरै’ म्हणजे गोळी, मराठी कानाला ती मात्रा वाटते. ‘कालै’ म्हणजे सकाळ, आपल्याला वाटतं काल! ‘अरै’ म्हणजे अर्धी. ‘साप्पाट्टुक्कु मुन्नाडी’ म्हणजे जेवणाआधी, ‘अप्पुरम’ म्हणजे नंतर. परगावी राहणाऱ्यांनी आपल्या शहराचे असे पाच-सात शब्द लिहून ठेवावेत.

माहितीने फरक पडतो का?

आपल्याच देशात हे तपासून पाहिलंय. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने स्प्रिंट इंडिया नावाचा अभ्यास झाला. 31 केंद्रं, 4298 रुग्ण. निम्म्यांना 12 भाषांतून पुस्तिका, व्हिडिओ आणि मोबाइलवर संदेश दिले. निष्कर्ष 2023 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले. औषध नेमाने घेणं सुधारलं, दारू-तंबाखू घटली. पण वर्षभरात पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात दोन गटांत फरक दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. पुस्तिका हातात आली म्हणजे काम झालं, असं नाही. बीपी मोजणं, डॉक्टरांना ठरल्या दिवशी भेटणं आणि महिना संपण्याआधी नवी पट्टी आणणं, हे घरच्यांनाच करावं लागतं. तमिळनाडूत ऑगस्ट 2021 पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत बीपी-मधुमेहाची औषधं घरपोच मिळतात. नाव नोंदवता येतं का, पाहा.

दहा मिनिटांचा चार्ज

घरी निघण्याआधी एवढं करा :

1. घरातली जुनी सगळी औषधं रुग्णालयात न्या. ‘यातलं काय चालू, काय बंद?’ विचारा.
2. प्रत्येक गोळीला चार प्रश्न : कशासाठी, कधी, किती दिवस, चुकली तर काय? चुकली म्हणून पुढच्या वेळी परस्पर दोन घ्यायच्या नाहीत.
3. जो रोज औषध देणार, त्यानेच सगळं मराठीत परत सांगायचं. मुलगा ऑफिसात आणि काकू घरात असतील, तर काकूंनी सांगायचं. रुग्णाला बोलता येत नसेल तर त्याने बोटाने दाखवायचं.
4. काळी शौच, न थांबणारं रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी, पुन्हा तोंड वाकडं : यापैकी काहीही दिसलं तर थांबायचं नाही. 108 ला फोन करा.
5. दात काढायचा असो की ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवायची नाही. आधी पक्षाघाताच्या डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर घाईत असतील, मागे रांग असेल. तरी संकोच करू नका. ‘सर, मी एकदा परत सांगते, चुकलं तर दुरुस्त करा,’ एवढं म्हणा. या वाक्याला चांगला डॉक्टर कधी रागावत नाही.

पुढच्या भागात घरातल्या व्यायामाबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.