टिप्यानं काय खाल्लं?

“बाई, उंदराचं औषध कुत्र्याला पण बाधतं का ओ?”

सोमवारचा दुसरा तास. मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. चौथीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्यानं हा प्रश्न विचारला. वर्ग खो खो हसला. तो मात्र हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

मुलांनो, मी तासगाव भागातल्या एका लहान गावात शिकवते. हा सगळा द्राक्षांचा आणि बेदाण्यांचा मुलूख. घरोघरी धान्याची पोती, शेतात बेदाण्याची शेड, आणि धान्य आलं म्हणजे उंदीर आलेच. म्हणून मी खडू खाली ठेवला आणि त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. हळूहळू सगळं कळलं.

त्याच्याकडे टिप्या नावाचा कुत्रा आहे. पांढरा, कपाळावर काळा ठिपका. रविवारी दुपारी हा पठ्ठ्या क्रिकेट खेळायला धावला आणि मागच्या फाटकाची कडी लावायची विसरला. टिप्या बाहेर! संध्याकाळी शोधाशोध झाली, तेव्हा तो शेजारच्या धान्याच्या खोलीमागे सापडला. जवळ एक फाटका कागद पडला होता. उंदरांसाठी ठेवलेल्या विषारी वडीचा. वडी गायब होती.

“मग घरी सांगितलं का?”

“नाही बाई. बाबा मारतील म्हणून. आणि टिप्या तर चांगला नाचत होता. जेवला पण.”

“आणि तो कागद?”

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातावर ठेवला.

चांगला दिसतो म्हणजे चांगला असतोच असं नाही

त्याच्या वडिलांना निरोप धाडला. ते टिप्याला घेऊन आले आणि आम्ही सगळे जवळच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी टिप्याला तपासण्याआधी तो कागद वाचला. मग म्हणाले, “बरं झालं, हा आणलात.”

का बरं? तर ऐका. आपल्याला खरचटलं की थोडं रक्त येतं आणि मग थांबतं, कारण रक्त गोठतं. रक्त गोठवणारे घटक शरीर ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीनं तयार करतं. उंदराच्या बऱ्याच वड्यांमधलं विष नेमकी हीच मदत बंद पाडतं. पण शरीरात आधीचा थोडा साठा असतो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. कुत्रा खेळतो, खातो, शेपूट हलवतो. साठा संपला की मात्र आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, दम लागतो, कधी नाकातून रक्त येतं.

म्हणजे टिप्या नाचत होता तेव्हाही विषाचं काम चालूच होतं!

खाल्ल्यानंतर पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरांना औषध देऊन उलटी करवता येते. टिप्याची ती वेळ टळून गेली होती. पण दुसरा उपाय हातात होता. ‘के’ जीवनसत्त्वाचं औषध लगेच सुरू झालं. गोळ्या चार आठवडे चालल्या. मध्ये दोनदा रक्त तपासलं. टिप्या वाचला.

दवाखान्यातच कुणी म्हणालं, “मिठाचं पाणी पाजायचं होतं.” कुणी म्हणालं, “दूध-तूप द्यायचं.” डॉक्टरांनी हात जोडले. जास्त मीठ हेच कुत्र्याला विष ठरू शकतं. शिवाय उंदरांसाठी राखाडी-काळी पूडही मिळते. ती पोटातल्या आम्लात मिसळली की विषारी वायू तयार होतो. अशा वेळी खायला घातलं तर आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. कुत्र्याला उलटी झाली, तर तो वायू जवळच्या माणसांनाही बाधतो. म्हणून घरगुती उपाय नकोत. काय खाल्लं, किती, केव्हा, हे डॉक्टरांना सांगायचं आणि कागद, डबी, पाकीट जे सापडेल ते सोबत न्यायचं. हात मात्र साबणानं धुवायचे. विषाचा कागद खिशात ठेवणं हीसुद्धा चूकच बरं का!

नाकानं बघणारा प्राणी

तुम्ही म्हणाल, कुत्र्याला कळत कसं नाही? अहो, त्याला कळतं, पण वासाचं कळतं. विषाचं नाही. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या सुमारे ५० ते ६० लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून जास्त! चवीचं मात्र उलटं. आपल्या जिभेवर चव ओळखणारे सुमारे ९,००० बिंदू, तर त्याच्या जिभेवर जेमतेम १,७००. म्हणजे दूरचा वास त्याला ओढून नेतो आणि चव बघण्याआधीच घास पोटात जातो. उंदरांना मोह पडावा म्हणून वडीत धान्य आणि गोडवा घातलेला असतो. तो कुत्र्यालाही मोहात पाडतो.

आपण खातो ते सगळं त्याला चालतं, हाही एक गैरसमज. ही यादी वहीत लिहून घ्या:

द्राक्षं आणि बेदाणे: यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एखाद्याला चार बेदाणेही बाधतात, एखाद्याला नाही. आधी सांगता येत नाही. म्हणून एकही नको. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. चिंचेतही हेच आम्ल असतं. तेव्हा चिंचही नको.

चॉकलेट: त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. हृदयाची धडधड वाढते, झटके येतात. जितकं काळं, कडू चॉकलेट, तितकं वाईट.

कांदा आणि लसूण: कच्चा असो की शिजवलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

बिनसाखरेचं च्युइंगम: काहींमध्ये झायलिटॉल असतं. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक उतरू शकते.

शिजवलेली हाडं: चावताना त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

आणि प्लॅस्टिकची पिशवी. आपण उरलेलं अन्न पिशवीत बांधून रस्त्यावर फेकतो. कुत्रा अन्नासकट पिशवी गिळतो आणि आतडं तुंबतं. यात चूक कुणाची?

भटकू नये म्हणून

कुत्रा घर सोडून जातो त्याला कारणं असतात. कंटाळा, वास, फटाक्यांची भीती, आणि जोडीदाराचा शोध. दिवसभर साखळीनं बांधणं हा उपाय नव्हे. बांधलेला कुत्रा चिडचिडा होतो आणि सुटला की सुसाट पळतो. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ त्याला दोरी धरून फिरवून आणा. दिवाळीत घरात घ्या. मोठ्यांशी बोलून नसबंदी करून घ्या. त्यानं भटकणं बरंच कमी होतं. गळ्यातल्या पट्ट्यावर घरचा फोन नंबर लिहा आणि रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका.

आता दोन शब्द शिकवा: ‘ये’ आणि ‘सोड’.

‘ये’ म्हणा. आला की भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. रोज पाच मिनिटं, आधी अंगणात, मग लांब दोरी लावून मोकळ्या जागी. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पळून गेलेला कुत्रा परत आला की त्याला मारू नका. आपण पळाल्याबद्दल मार देतो, पण त्याला वाटतं, आल्याबद्दल मार मिळाला. मग पुढच्या वेळी तो येईल कशाला?

‘सोड’ शिकवायला मुठीत भाकरीचा तुकडा धरा आणि मूठ त्याच्यापुढे करा. तो चाटेल, नाक खुपसेल, पंजा मारेल. तुम्ही गप्प राहा. कंटाळून तो मागे सरकला की लगेच ‘सोड’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला चांगला तुकडा द्या. काही दिवसांत त्याला उमगतं, सोडलं की जास्त चांगलं मिळतं. मग हाच खेळ जमिनीवर ठेवलेल्या तुकड्यासोबत खेळा. तोंडातली वस्तू कधी हिसकावू नका. हिसकावलं की तो घाईनं गिळतो, आणि बोटं चावली जातात ती वेगळीच. दुसरं काही देऊन अदलाबदल करा. हे सगळं आपल्या घरच्या कुत्र्याशीच, मोठं माणूस जवळ असताना. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याशी नाही.

या रविवारी एवढं करा

गुडघ्यांवर बसा आणि रांगत सगळं घर बघा. कुत्र्याच्या उंचीवरून. पलंगाखाली काय पडलंय? कचऱ्याचा डबा उघडा आहे का? उंदराची वडी, फवारणीचं औषध, आजीच्या गोळ्या त्याच्या तोंडाला लागतील अशा ठेवल्या आहेत का? कुंपणाला खाली भगदाड आहे का? सापडलेलं सगळं मोठ्यांना दाखवा. विषाला स्वतः हात लावू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहा. त्याच्याच खाली फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल फ्री क्रमांक १९६२ लिहा.

दवाखान्यातून परत येताना त्या मुलानं वडिलांना सगळं सांगितलं. कडीचं, क्रिकेटचं, लपवलेल्या कागदाचं. मी मनात म्हणत होते, आता बसतोय धपाटा. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कडी ऱ्हायली तर ऱ्हायली. पण कालच सांगितलं असतंस, तर डॉक्टरांचं काम सोपं झालं असतं का नाही?”

मुलानं मान हलवली.

मुलांनो, कडी माझ्याकडूनही राहते, तुमच्याकडूनही राहील. पण काही चुकलं तर त्याच मिनिटाला सांगा. टिप्याला बोलता येत नाही. त्यानं काय खाल्लं, ते त्याच्या वतीनं तुम्हालाच सांगायचं आहे.