आयसीयूतल्या सिस्टरला काय सांगायचं?

सेक्टर ६, भिलाईहून बोलतोय. आजचा विषय जड आहे, पण टाळून चालणार नाही.

घरचं माणूस आयसीयूत गेलं की आपण सगळे डॉक्टरांना गाठायला धडपडतो. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा भेटतात, चार वाक्यं सांगतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. त्यांचंही बरोबरच आहे. पण जी सिस्टर किंवा जो ब्रदर अख्खी ड्यूटी त्या पलंगाजवळ काढतो, त्याच्याशी आपलं बोलणं काय? "सिस्टर, आत जाऊ का?" बस्स.

शुश्रूषा कुठपर्यंत जाऊ शकते, हे कळायला मुंबईच्या केईएमचं उदाहरण पुरेसं आहे. अरुणा शानभाग ही तिथलीच परिचारिका. मूळची उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. गळा आवळल्यामुळे मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली. मधली जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, काम थांबलं नाही. तिला तिथून हलवून खाट मोकळी करायचा प्रयत्न झाला तेव्हा याच परिचारिका आडव्या आल्या.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोर झाला नाही, हे तिथे नोंदलं गेलं. ऐकायला साधं वाटतं, पण त्यामागचं काम बघा. माणूस निश्चल पडून राहिला की माकडहाड, टाचा, खांदे, डोक्याची मागची बाजू इथली कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाते. बारीक रक्तवाहिन्या मिटतात, कातडीला रक्त मिळत नाही आणि काही तासांतच ती मरायला लागते. त्यात ओलावा असेल तर आणखी लवकर. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढून नाही, चादरीने उचलून, कारण घासल्यानेही कातडी सोलते. दिवसाला बारा वेळा. एक वर्ष केलं तर चार हजारांच्या वर! पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

मला मात्र त्या कागदपत्रांतली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अरुणा बोलत नव्हती. पण शौचाला-लघवीला जायचं असलं की ती एक आवाज काढायची आणि तो तिथल्या परिचारिकांना बरोबर ओळखू यायचा. तिला मासे आवडतात, हेही त्यांना माहीत होतं. परक्याला जो नुसता आवाज वाटला असता, तो या बायकांसाठी निरोप होता.

७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने हेच धरलं. दयामरणाची याचिका पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. त्यांनी अरुणावर पुस्तक लिहिलं होतं, त्यांची कळकळ खरी होती. पण अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क रात्रंदिवस तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं न्यायालय म्हणालं. ती जगावी, अशी त्यांची इच्छा होती. याचिका फेटाळली गेली. (अशा वेळी आपल्या वतीने कोणी ठरवावं आणि काय करू नये, हे आता आपण आधीच लिहून ठेवू शकतो. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. त्यावर स्वतंत्र भाग करीन.)

आता नातेवाइकांकडे वळू. आमच्या लष्करात एक पद्धत आहे. जवानाची तब्येत फार गंभीर झाली की त्याचं नाव 'डेंजरसली इल लिस्ट'वर, म्हणजे 'डीआयएल'वर, चढतं आणि घरच्यांना कळवलं जातं. त्यांना पलंगापर्यंत पोचता यावं म्हणून प्रवासाची तरतूदही असते. म्हणजे घरचं माणूस जवळ असणं हा उपचाराचाच भाग मानलाय. नागरी रुग्णालयात असा नियम नसतो. तिथे भेटीची वेळ असते आणि बंद दार असतं. त्याला कारणंही असतात. ९ ऑक्टोबर २०१८ ला आमच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीत स्फोट झाला. भाजलेले कामगार सेक्टर ९ च्या रुग्णालयात आले. भाजलेल्या अंगाला जंतू लगेच धरतात, म्हणून तिथे घरच्यांना मोकळेपणी आत सोडता येत नाही. अशा वेळी दारापर्यंत येऊन "आत्ता झोपलेत, दुखणं कमी व्हायचं औषध चालू आहे" एवढं सांगणारी सिस्टरही बाहेरच्या माणसाला मोठा आधार देते.

पण तिलाही आपल्याकडून माहिती हवी असते, आणि हे फार कमी लोक करतात. व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे शुद्धीवर असलेला माणूसही बोलू शकत नाही. नळी उपटू नये म्हणून कधी हात बांधतात. ते पाहून घाबरू नका. कशासाठी बांधलेत आणि कधी सोडणार, ते विचारा. वयस्कर माणूस तिथे रात्र-दिवस विसरतो, भ्रमात जातो. त्याचा चष्मा आणि कानाचं मशीन सिस्टरकडे द्या. निम्मा गोंधळ न दिसण्या-ऐकण्याचाच असतो. भेटीच्या वेळी रडण्याआधी नाव घेऊन हाक मारा, आज कोणता वार आहे ते सांगा. उत्तर आलं नाही तरी बोला, ऐकू येत असण्याची शक्यता असते.

आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी हे कराच. आपले म्हातारे आयुष्यभर हिंदी बोलले असले तरी फार आजारी पडले की मराठीवर येतात. सिस्टर केरळची असेल, नाहीतर इथलीच छत्तीसगडी. 'पाणी' तिला कळेल. 'उकडतंय', 'कूस', 'घशाला कोरड पडलीय', 'मळमळतंय' हे कुठून कळणार? एका कागदावर मोठ्या अक्षरात दहा-बारा शब्द देवनागरीत लिहा, समोर त्यांचा हिंदी अर्थ. वर पेशंटला घरी काय म्हणून हाक मारतात ते लिहा, 'आई', 'अण्णा', जे असेल ते. खाली कोणत्या कुशीवर झोपायची सवय आहे, कोणता गुडघा दुखतो. कागद पलंगाजवळ लावायला सांगा, आणि ड्यूटी बदलली की नव्या सिस्टरलाही तो दाखवा.