मात्रेतली भीती

विरार लोकलच्या दारात उभं असताना नालासोपाऱ्याला मागून लोंढा आत घुसतो, तेव्हा छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो. तीच माणसं रविवारी पैसे मोजून वसई-विरारच्या मल्टिप्लेक्समध्ये भुताचा सिनेमा बघतात आणि तिथंही छाती धडधडतेच. मेंदूतल्या अमिग्डालानं धोक्याची वर्दी दिली की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. लोकल असो वा सिनेमा, शरीराची ही तयारी सारखीच. मग एका भीतीचा जाच आणि दुसरीची हौस का?

नारायण धारपांची गोष्ट ऐकून राही अनिल बर्वे यांना सुचलेला ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा लागला आणि त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. त्यातला राक्षस हस्तर कुठं दबा धरून बसलाय हे ठाऊक असूनही लोक घाबरायला गेले. आता याच्या शेजारी आपल्याच पालघर जिल्ह्यातली गोष्ट ठेवून पाहा. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले आणि कुटुंबं थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. त्या भीतीत काडीची मजा नव्हती. पुढचा धक्का कधी, केवढा, हे त्यांच्या हातात नव्हतं.

सिनेमागृहात मात्र ते आपल्या हातात असतं. नको तेव्हा डोळे मिटता येतात, बोटांच्या फटीतून हवं तेवढंच बघता येतं. डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी एका भुताटकीच्या खेळघरात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून पाहिलं. २०२०मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की भीती फार कमी असली तर मजा येत नाही, फार झाली तरी येत नाही. मजा असते मधल्या टप्प्यात.

शिवाय अ‍ॅड्रेनलिनचा जोर लगेच ओसरत नाही. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांच्या मते ही उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेत मिसळते आणि सुटकेचा आनंद दुणावतो. किंकाळीनंतर अख्खं थिएटर खदखदून हसतं ते त्यामुळेच असावं.

लहान मुलांना अशा सिनेमांच्या रात्रीच्या शोला घेऊन येणारे पालक दिसले की मला काळजी वाटते. चार वर्षांच्या मुलाला खरं-खोटं पक्कं वेगळं करता येत नाही, उठून जाणंही त्याच्या हातात नसतं. मात्रा ठरवतो तो बाप. पोर कुशीत तोंड लपवू लागलं तर त्याला घेऊन सरळ बाहेर पडावं, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.